माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे

मावशीची फिर्याद मावशीला पहिल्यांदा वाचून दाखवली ती मी. फिर्याद दिल्यानंतर तीन महिन्यांनी.

तिसरी पाळी संपवून तसाच एसटीत बसलो होतो. डोळ्यांत कापूस, नाकात कापूस. गावी पोचलो तेव्हा मावशी चुलीपुढं होती. पोलिसांनी दिलेली प्रत तिनं ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवलेली. मी म्हणालो, आण बघू काय लिहिलंय. आणि तिच्या शेजारी बसून वाचायला लागलो. ‘मी वरील ठिकाणी राहणेस असून माझे पती मजुरी करतात.’

मावशीचा भाकरी थापणारा हात थांबला. “कोन मजुरी करतंय?”

“मावसा. असं लिहिलंय इथं.”

“आरं, त्येला मरून तेरा वरसं झाली की.”

मी पुढं वाचलं. किराणा दुकानदारानं ‘उधारीच्या कारणावरून’ वाद घालून जातिवाचक शिवीगाळ केली. मावशी म्हणाली, “उदारी? म्या रोख पैशे मुठीत घिऊन गेल्ते.” मग तीच एकेक विचारत गेली. पिठाच्या गिरणीवाल्यानं दळणाचा डबा तसाच माघारी दिला, ते लिहिलंय का? नाही. खुरपणीला बोलवायचं बंद केलं, ते? नाही. जीपवाला आपल्या बायांना बाजाराला नेत नाही, ते? ते पण नाही. “मंग म्या दोन तास काय बोलले तितं?”

शेवटी छापील असल्यासारखं ते वाक्य होतंच. ‘सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.’ आणि खाली मावशीचा अंगठा. निळा, ठसठशीत, रेघ न् रेघ उमटलेला.

मित्रांनो, मी कायदा शिकलेला नाही. शाळा नववीत सुटली. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहे. धागा तुटला की सांधायचा, पुन्हा तुटला की पुन्हा सांधायचा, आठ तास. कविता करतो त्या कोनच्या फाटक्या पुठ्ठ्यांवर. त्या दिवशी त्या फिर्यादीचा इतका संताप आला की वाटलं कविता लिहावी. लिहिलीही. भिकार झाली. मेलेला माणूस सरकारी कागदावर मजुरीला जातोय, याच्यावर काय कविता लिहिणार? सरकारनंच लिहून ठेवलीय की.

मागचं थोडं सांगतो. कोरोनाची दोन वर्षं जयंती घरातच झाली. २०२२ च्या एप्रिलात पोरांनी मिरवणूक काढली, पारापुढून नेली. त्याच्यावरून बाचाबाची. मारामारी नाही, रक्त नाही. दुसऱ्या दिवसापासून गाव गप्प. दवंडी नाही, ठराव नाही, कोण कुणाला ‘बहिष्कार’ म्हणालं नाही. आता गावं शहाणी झालीत. गिरणीवाला म्हणतो लाईट नाही. दुकानदार म्हणतो माल संपला. जीपवाला म्हणतो सीट फुल्ल झाली. प्रत्येकाची अडचण वेगळी, आणि सगळ्या अडचणी एकाच दिवशी, एकाच वस्तीला. मावशी तेवढी बोलायला धजली. दुकानदाराला म्हणाली, तुझ्या मागं पोती दिसत्यात. मग तो जातीवर आला. म्हणून ती ठाण्यात गेली.

ह्यात नवीन काय आहे? १९२८ मध्ये मुंबई सरकारनं स्टार्टे समिती नेमली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात हेच लिहून ठेवलंय. अस्पृश्य हक्क मागायला लागले की गाव त्यांची वाट बंद करतं, काम बंद करतं, वाणी जिन्नस विकायचा बंद करतो. बाबासाहेब हा अहवाल घेऊन गोलमेज परिषदेत उभे राहिले. बहिष्कार हा गुन्हा ठरवा म्हणाले. तो अॅट्रॉसिटी कायद्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून यायला २०१५ ची दुरुस्ती लागली, अंमल २६ जानेवारी २०१६ पासून. पंच्याऐंशी वर्षं! आणि एवढ्या वर्षांनी कायद्यात आलेलं पोटकलम ठाण्यातल्या एका माणसानं पेनाच्या एका फटक्यात उधारीत जमा केलं. जातिवाचक शिवीगाळीचं कलम लावलं, बहिष्काराचं नाही. म्हणजे एका तोंडाळ दुकानदाराचा गुन्हा राहिला. गावाचा गेला.

मी आधी आमच्या मंडळात गेलो. तिथं एका दोस्तानं एकच अर्ज आठ ठिकाणी धाडला. मुख्यमंत्री, राज्यपाल, दिल्लीचा मानवी हक्क आयोग, मुंबईचा मानवी हक्क आयोग, अनुसूचित जाती आयोग, आणखी कुठं कुठं. पोस्टाच्या पावत्या एका दोऱ्यात ओवून दाखवायचा. आपण सगळेच असं करतो. मीही केलंय. जितके शिक्के तितका जोर, असं वाटतं आपल्याला. मग मी १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा मिळवला आणि जेवणाच्या सुट्टीत रोज दोन कलमं वाचायला लागलो. कलम ३६ वर येऊन थांबलो. एका आयोगापुढं प्रकरण चालू असलं तर दिल्लीचा आयोग त्यात चौकशी करणार नाही. आणि घटनेला वर्ष उलटलं तर मुळीच करणार नाही. म्हणजे आपणच एका दाराची कडी दुसऱ्या दारानं लावून घेतो आणि वर म्हणतो आयोग झोपलेत. झोपलेतही. पण त्यांना झोपायला गादी कधीकधी आपणच घालतो.

आणि आयोग जागा झाला तरी काय करतो? शिफारस. नुकसानभरपाई द्या, खटला भरा, अशी शिफारस सरकारला. अनुसूचित जाती आयोग तर राज्यघटनेच्या ३३८ व्या अनुच्छेदातला. साहेबांना समन्स काढू शकतो, कागद मागवू शकतो, दिवाणी कोर्टासारखा. पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, हे अधिकार चौकशीपुरतेच, मनाई हुकूम काढण्यासाठी नाहीत. दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाची गोष्ट आणखी न्यारी. जगभरच्या अशा आयोगांची एक संघटना आहे, ती कुठला आयोग किती स्वतंत्र ते तपासून दर्जा देते. २०२३ मध्ये तिनं आपल्या आयोगाचा दर्जा लांबणीवर टाकला. एक आक्षेप असा की ह्यांच्याकडं तपासाला पोलीस खात्यातलेच अधिकारी. वाचून मला हसू आलं. मावशीला हे कळायला जिनिव्हा लागली नव्हती.

हे सगळं वाचताना एक तारीख मात्र मनात बसली. ९ डिसेंबर १९४८. त्या दिवशी घटना परिषदेत बाबासाहेब म्हणाले की आज ज्याला आपण ३२ वा अनुच्छेद म्हणतो तो ह्या घटनेचा आत्मा आहे, हृदय आहे. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागायचा अनुच्छेद. आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. जाहीरनाम्यात हक्कांची मोठी यादी आहे. बाबासाहेबांनी आत्मा म्हणून बोट ठेवलं ते दाद मागायच्या वाटेवर. पुढं १० एप्रिल १९७९ ला भारतानं ते दोन आंतरराष्ट्रीय करार स्वीकारले, नागरी-राजकीय हक्कांचा आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचा. त्यातही हेच आहे, की हक्क मोडला तर माणसाला परिणामकारक दाद मिळाली पाहिजे, आणि मोडणारा सरकारी माणूस असला तरी मिळाली पाहिजे. १९९३ च्या कायद्यानं मानवी हक्कांच्या व्याख्येत ह्या करारांचं नाव घेतलंय. सरकारी माणूस असला तरी! मी ह्या शब्दांखाली रेघ मारली. पुठ्ठा फाटला.

मग आमच्या जिल्ह्यात अशी दाद कुठं आहे? मुंबई-दिल्ली सोडा. एसटीच्या तिकिटात पोचता येईल अशी?

आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत आहे. नियम १७. जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. जिल्हाधिकारी अध्यक्ष, समाजकल्याणचे अधिकारी सदस्य-सचिव, पोलीस अधीक्षक, आमदार, खासदार, आपल्या समाजातले राजपत्रित अधिकारी, आणि आपल्यातले पाचपर्यंत अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून निदान एकदा बसलंच पाहिजे. राज्याची अशीच एक समिती आहे, नियम १६ ची, तिचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री, वर्षातून निदान दोनदा. बसतात का? २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दलित मानवी हक्क मोहिमेच्या खटल्यात राज्यांना आणि आयोगांना ह्या कायद्याबद्दलच्या बेपर्वाईवरून चांगलंच सुनावलं. कायदा आहे, राबवणारे हात बांधून बसलेत.

मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं तिकीट लावलं. मागच्या चार बैठकांची इतिवृत्तं द्या. तीस दिवस गेले, पहिलं अपील केलं, मग आली. अकरा पानं, बावीस रुपये. रात्री पाळीत जॉबरची नजर चुकवून फ्रेमच्या टोकाला उभं राहून वाचली.

दोस्तांनो, ही इतिवृत्तं तुम्ही वाचा. आपल्या जिल्ह्याची मागवून वाचा. मी आजवर एवढं भयंकर काही वाचलेलं नाही, आणि त्यात एकही वाईट शब्द नाही. नुसते तक्ते. दाखल गुन्हे. तपासावरील. दोषारोपपत्र दाखल. न्यायप्रविष्ट. अर्थसहाय्य मंजूर. निधीअभावी प्रलंबित. एका बैठकीत एवढे, पुढच्या बैठकीत तेवढे. खाली ‘सभा आभार मानून संपली’. आमच्या गावासमोर शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ होती. ‘गावात शांतता आहे. सामंजस्याने वातावरण पूर्ववत करण्याबाबत सूचना देण्यात आल्या.’

शांतता आहे. होतीच ना. गिरणी बंद, दुकान बंद, जीप बंद, शेत बंद. आवाज कुठून येणार?

मग मी नियम १७ पुन्हा वाचला. समितीनं कशाचा आढावा घ्यायचा ते त्यात दिलंय. कायद्याची अंमलबजावणी. पीडितांची मदत आणि पुनर्वसन. खटले. आणि चौथी गोष्ट, अंमलबजावणीला जबाबदार असलेल्या निरनिराळ्या अधिकाऱ्यांची आणि यंत्रणांची भूमिका. अकरा पानांत पहिल्या तीन गोष्टींचे तक्ते होते. चौथीचा रकानाच नव्हता.

आमच्या खात्यात धागा तुटलेला दिसला तर जॉबर पहिला प्रश्न विचारतो, साईड कुणाची? प्रत्येक फ्रेमच्या प्रत्येक बाजूला एक माणूस नावानिशी असतो. मशीनचा दोष असेल, हवेत ओल कमी असेल, पण साईड कुणाची हे आधी ठरतं. समितीच्या तक्त्यात माणसं तुटलेली होती, मोजलेली होती, बेरीज बरोबर होती. साईड कुणाची, ते विचारलेलं नव्हतं.

मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. पगार तिथंच जास्त. १९२८ च्या संपात सगळे मालकांविरुद्ध बोलत होते तेव्हा बाबासाहेबांनी हे खातं नाव घेऊन पुढं आणलं. कुठल्या खात्यात, कुणी अडवलंय? असं विचारलं की आपलेच कॉम्रेड लोक चिडतात, एकी मोडते म्हणतात. पण असं विचारल्याशिवाय खातं उघडत नाही.

आता कायद्याचं कलम ४ बघा. आपण कलम ३ तोंडपाठ करतो, त्यातले गुन्हे मोजतो. ४ कुणी वाचत नाही. सरकारी नोकरानं, जो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही अशानं, जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केली तर सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद. २०१५ च्या दुरुस्तीनं ही कर्तव्यं एकेक करून लिहिली. त्यातलं पहिलंच काय असावं? तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर, सही घेण्याआधी, ती सांगणाऱ्याला वाचून दाखवणं.

मी दोनदा वाचलं. कायदा करणाऱ्या कुणाला तरी माझी मावशी माहीत होती. ठाण्यात टेबलाच्या कडेला उभी राहिलेली, लिहिणाऱ्याच्या हाताकडं बघणारी, काय उमटतंय ते न कळणारी बाई माहीत होती.

पुढं योग्य कलमं लावणं, प्रत देणं, साठ दिवसांत दोषारोपपत्र देणं, उशीर झाला तर लेखी कारण देणं, हे सगळं आहे. आणि एक मेखही आहे. ह्या कसुरीबद्दल सरकारी नोकरावर आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशी होऊन तशी शिफारस यायला पाहिजे. मावशी उठून ठाण्यात गेली आणि ह्या हवालदारावर कलम ४ लावा म्हणाली तर कुणी लावणार नाही. मग चौकशी मागणार कोण? ज्या समितीला अधिकाऱ्यांच्या भूमिकेचा आढावा घ्यायला बसवलंय, तीच. तिथं ही वाट सुरू होते. तिथंच ती चहा-बिस्किटात बुडालेली असते.

समितीतल्या एका अशासकीय सदस्याला गाठलं. निवृत्त शिक्षक, आम्ही गुरुजी म्हणतो. भला माणूस. धर्मांतरानंतरच्या पहिल्या पिढीच्या घरातला, अजून पांढऱ्या कपड्यात. अंगणात खाट टाकून बसले होते. मी कागद पुढं केला, त्यांनी चष्मा पुसला, वाचला, आणि म्हणाले, “अरे, नियमांचं पुस्तक आम्हाला कुणी दिलंच नाही. निवडीचं पत्र आलं, तेवढंच.”

मग बराच वेळ गप्प. नंतर बोलले ते मला टोचलं. “हे बघ, तू म्हणतोस ते खरं आहे. पण मी आज ठाण्याच्या माणसाचं नाव घेतलं तर उद्या दुसऱ्या गावच्या बाईची फिर्याद घेताना तो मुद्दाम छळेल. तू गिरणीत जाशील, मला इथं राहायचंय. गोडीनं चार कामं होतात.”

हे भित्रेपण आहे, असं मी परतीच्या वाटेवर मनाशी म्हणालो. आता तसं वाटत नाही. त्या माणसानं गोडीगुलाबीनं कितीतरी बायांच्या फिर्यादी लिहून घ्यायला लावल्यात, रात्री-अपरात्री ठाण्यात जाऊन. त्याच्या जिवावर ते चाललं होतं. पण बघा, गुरुजी आहेत तोवर फिर्याद लिहिली जाते, गुरुजी आजारी पडले की नाही. हा हक्क झाला काय? गुरुजींच्या तब्येतीवर वस्तीचा कायदा चालतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी त्यांना हेच बोललो. असं बोलायला नको होतं. ते दुखावले. पण कागद ठेवून घेतला.

अर्ध्या पानाचा कागद होता. मी तो सतरा वेळा लिहिला असेल. पहिल्या खर्ड्यात मनुवाद होता, व्यवस्था होती, हजारो वर्षं होती. ती सगळी खोडत गेलो. खरी होती, पण समितीला त्यांच्यापासून पळता येत होतं. हजारो वर्षांची चौकशी करा म्हटलं की साहेब हळहळतात आणि पुढचा विषय घेतात. शेवटी एवढंच राहिलं. फिर्यादीत फिर्यादीचे मयत पती मजुरी करतात असं लिहिलंय. मृत्यूचा दाखला २००९ चा, सोबत जोडलाय. फिर्याद वाचून दाखवली असती तर फिर्यादीनं ‘बरोबर आहे’ म्हणून अंगठा दिला असता काय? कलम ४ प्रमाणे प्रशासकीय चौकशीची शिफारस समितीनं करावी. बहिष्काराबाबत पुरवणी जबाब घ्यावा. हे सगळं इतिवृत्तात नोंदवावं.

मृत्यूचा दाखला! आयुष्यभर ज्या मावसाची सरकारी कागदावर कुठं नोंद नव्हती, त्याचा मेल्याचा कागद आम्हाला उपयोगी पडला. ग्रामसेवकानं तो दाखला द्यायला तीन हेलपाटे घातले, ती वेगळी कथा.

बैठकीच्या दिवशी खाडा केला. एक दिवसाचा पगार गेला, हजेरीचा बोनस गेला. आत जायला मिळालं नाही, मी सदस्य नाही. व्हरांड्यात बाकावर बसलो. शिपायानं दोनदा विचारलं, कशासाठी? म्हणालो, वाट बघतोय. आत कपबशा गेल्या, बाहेर आल्या. दीड तासानं गुरुजी बाहेर आले, धोतराचा सोगा सावरत. हात थरथरत होते.

आत काय झालं ते त्यांनी एसटी स्टँडवर सांगितलं. विषय निघाला तसं पोलीस खात्याकडून उत्तर आलं, जबाबाखाली वाचून दाखविल्याचं स्पष्ट लिहिलंय. कागदच बोलतोय. गुरुजी म्हणाले, “मग साहेब, मेलेला नवरा रोज कामाला जातो हे बाईनं ऐकलं आणि बरोबर आहे म्हणून अंगठा दिला, असं आपण नोंदवायचं का?” कुणी बोललं नाही. एक आमदारांचा माणूस हसला आणि मग गप्प झाला. जिल्हाधिकाऱ्यांनी मृत्यूचा दाखला हातात घेऊन वाचला आणि नोंद घ्यायला सांगितली.

एवढंच. ह्याला विजय म्हणू नका. इतिवृत्तात अडीच ओळी आल्या. जबाब वाचून दाखविला किंवा कसे याबाबत चौकशी करून अहवाल पुढील बैठकीत सादर करावा, पुरवणी जबाब नोंदवावा. अहवाल आला तो असा, की सदरची बाब नजरचुकीने घडली असून संबंधितास समज देण्यात आली आहे. नजरचूक! आमच्या खात्यात नजर चुकली तर पगार कापतात. गुरुजींनी लेखी दिलंय की हे मान्य नाही, शिफारस झाली पाहिजे. पुढच्या इतिवृत्तात ‘नोंद घेतली’ असं आलं. आम्ही पुन्हा कागद दिला. गुरुजींना आता नियम १७ मराठीत माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, शेजारच्या तालुक्यातल्या सदस्यालाही त्यांनी तो झेरॉक्स करून दिला. गिरणीवाला दळण घेतो, दुकानदार तोंड फिरवून का होईना माल देतो. शेतात मात्र वस्तीतल्या बायांना अजून सगळे बोलवत नाहीत. ज्याच्यानं हे झालं त्याची साईड अजून ठरलेली नाही.

तुम्ही म्हणाल, अडीच ओळींसाठी एवढं लिहायचं? खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. चार माणसं मारली, आणि २००८ ला खुनाची शिक्षा झाली तरी अॅट्रॉसिटीचं कलम कोर्टात टिकलं नाही, २०१० ला उच्च न्यायालयातही नाही. सगळ्या महाराष्ट्रात मोर्चे निघाले, आपली पोरं रस्त्यावर आली. रस्त्यावर यायलाच पाहिजे होतं. पण जात हे कारण म्हणून कागदावर टिकवायचं काम मोर्चा घरी गेल्यावर सुरू होतं. ते काम रटाळ असतं, त्यात घोषणा नसतात, आणि आपल्यातल्या चांगल्या बोलणाऱ्यांना ते आवडत नाही. मलाही आवडत नाही. मी कवी आहे, मला बैठकीची विषयपत्रिका वाचून झोप येते.

पुरवणी जबाबाचा दिवस सांगायचा राहिला. मी रजा टाकून गेलो होतो. साहेब जीपमधून आले, सोबत लिहिणारा. वस्तीतली पोरं भोवती जमली. मावशीनं घोंगडी टाकली, साहेब खुर्ची असेल तर बघा म्हणाले, समाजमंदिरातून खुर्ची आणली. मावशी बोलत होती, तो लिहीत होता. तास-दीड तास. मग त्यानं शाईचं पॅड उघडून पुढं सरकवलं.

मावशीनं हात पदराखाली घेतला. “आदी वाचा, सायेब.”

लिहिणाऱ्यानं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, वाच. त्यानं वाचलं, भरभर, पोलिसी सुरात. मावशी म्हणाली, “दमानं वाचा. मला आयकू येत न्हाई.” तिला चांगलं ऐकू येतं. त्यानं दमानं वाचलं. दुकानदार आला, रोख पैसे आले, जीप आली, खुरपणी आली, मावसा मयत झाला. सगळं संपलं तरी हात पदराखालीच.

“काय राहिलं आता?” साहेब म्हणाले.

“दळनाचा डबा राह्यला,” मावशी म्हणाली. “पायलीभर जुंधळे व्हते. त्ये ल्या. आन् मंग परत पयल्यापासनं वाचा.”